फितूर

दरड कोसळण्याआधी कळावं म्हणून सायकालने आपल्या गावात पाच बिनतारी खांब रोवले होते. चार गावावरच्या उतारावर, पाचवा कबरस्तानाच्या खडकावर, आईच्या कबरीला लागून. खांब एकमेकांमधलं अंतर मोजत. एकटाच वेगळं सांगेल तो कुणीतरी फितवलेला, हा नियम सायकालचाच.

बर्फ वितळलं आणि पाचवा सांगू लागला, बाकीचे माझ्यापासून लांब चाललेत. चौघे म्हणत होते, आमच्यातलं अंतर होतं तेवढंच आहे.

"फितूर निघाला तो, बाबा. बंद करून टाकला," सायकालने बिश्केकहून फोनवर सांगितलं.

म्हातारा तोकतोसून हसला. "तुझी आई जन्मात खोटं बोलली नाही गं पोरी. तिचा शेजारी कसा बोलेल?"

"तुमचं आपलं काहीतरीच!"

त्याच आठवड्यात अख्खा उतार खाली आला. तोकतोसूनचं घर कुठे होतं, ते शेजाऱ्यांनाही सांगता येईना. चिखलात आडवे पडलेले चार खांब बघून सायकालने मान वर केली.

 

चौघांचं एकमत होतं, कारण चौघेही एकत्रच खाली सरकत होते. जागेवर होता तो फक्त आईशेजारचा.