जोडावरचं पहिलं पाणी

पडद्यावर ठिपका दिसला. नळीच्या बाहेर, गळ्यातल्या जोडाशेजारी, तांदळाएवढा.

"लीक वाटतंय," डॉक्टर गीतांजली हळूच म्हणाल्या.

भगवानरावांच्या ऑपरेशनला आठ दिवस झाले होते. आकसलेली अन्ननलिका काढून नांदेडच्या डॉक्टरांनी त्यांच्या जठराचीच नळी केली होती आणि वर ओढून गळ्यात जोडली होती. आज एक्स-रेत उमटणारं औषध पाजून जोड तपासायचा होता. पक्का निघाला तर आजच चहा. गळका निघाला तर गळ्याची जखम पुन्हा उघडायची, आणि आणखी पंधरा दिवस तोंडाला काही नाही.

भगवानरावांनी शिरूर अनंतपाळच्या शिवारात अर्ध्या गावाच्या पाइपलाइनी जोडल्या होत्या. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना विचारलं होतं, "जोडाला सोल्युशन कोणतं लावता?" पाइपासारखं काही चिकटवत नाहीत, नुसते टाके घालतात हे कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला होता.

नर्सने गळ्यावरची पट्टी चाचपली. "मॅडम, पट्टीपण ओली आहे."

आता शंकेला जागा उरली नाही. दारात उभ्या नागाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. "जलमभर लोकांचे पाइप जोडले, अन् सोताचाच गळाया लागला का?" त्या म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला.

"पट्टी बदला," डॉक्टर म्हणाल्या. "ऑपरेशनला घेण्याआधी एकदा परत बघू."

भगवानराव दुसरा पेला प्याले. तोंड वाकडं केलं. औषध जोडावरून सरळ खाली उतरलं. ठिपका नव्हता. त्यांना कुशीवर वळवलं, तिरकं केलं. तरी नव्हता.

मग डॉक्टरांनी ट्रेमधली जुनी पट्टी उचलून यंत्राखाली ठेवली. पडद्यावर ठिपका उमटला.

"काका, पिताना सांडलं होतं का हो?"

"थेंबभर न्हाई सांडलं."

"मग औषध पट्टीला कसं लागलं?"

नागाबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांना कळलं होतं.

"म्याच लावलं. पिण्याआधी, दोन बोटं बुडवून," भगवानराव शांतपणे म्हणाले. "नव्या लाइनीचं पहिलं पाणी जोडावर शिंपडावं लागतंय, डॉक्टरबाई. न्हाई तर जोड गळतोय."