काउंटरचा फोटो

"होस्टिंग म्हणजे भाड्याची जागाच, शेठ. सामान जास्त, तर भाडं जास्त," वेबसाइट सांभाळणारा म्हणाला. "तुमचे फोटोच केवढे जड! आणि बघणारं गिऱ्हाईक एकच. रोज दुपारी येतं, काउंटरचा फोटो उघडतं, बराच वेळ बघत बसतं आणि निघून जातं. खरेदी शून्य."

"असेल कुणी रिकामटेकडा. त्याच्या करमणुकीचं भाडं मी का भरू?" चष्म्याच्या दुकानाचा मालक वैतागला. "सगळे फोटो उडव. नाव, पत्ता, फोन नंबर ठेव, बास."

भाडं निम्म्यावर आलं. बऱ्याच दिवसांनी त्याच्या मनासारखं काहीतरी झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तो जेवायला घरी गेला, तर अंथरुणाला खिळलेली आई टॅब हातात धरून त्याचीच वाट बघत होती.

"काय रे, तुझा दादा आज काउंटरवर दिसला नाही? रोज असतो. बरा आहे ना?"

दादाला जाऊन वर्ष झालं होतं. आईला मात्र त्याने सांगून ठेवलं होतं, की दादाला दुकानातून उठायलाच फुरसत मिळत नाही.