पितांबर आणि पार्टी

चंदननं ड्रायव्हरच्या दाराचं पॅनल ओढून काढलं आणि आतला स्पीकर आकाशच्या हातात ठेवला. त्याचा कागदी पडदा फाटलेला, कडेच्या फोमचा भुगा झालेला. यातून गाणी ऐकत होतात म्हणजे कमालच आहे, असं म्हणून चंदन हसला. आकाशला मात्र हायसं वाटलं. चला, दोष सापडला एकदाचा.

दोष शोधण्यात त्याचं वर्ष गेलं होतं. अमळनेरचं घर आवरताना वडिलांची एक कॅसेट हाती लागली होती. जयंतीच्या कार्यक्रमात म्हटलेलं एकच गाणं, साडेचार मिनिटांचं. डबीवर वडिलांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं : पितांबर आणि पार्टी. पितांबर म्हणजे ते स्वतः, पार्टी म्हणजे साथीला वाजवणारे. वडील जाऊन अकरा वर्षं झालेली, त्यांचा आवाज दुसरा कुठेच उरलेला नाही. आकाशनं धुळ्याला जाऊन ते गाणं पेन ड्राइव्हवर उतरवून आणलं आणि मोठ्या हौसेनं मायला गाडीत बसवून लावलं. मायनं दीड कडवं ऐकलं. मग म्हणाली, "हाई गानं अर्धंच वाजस." आणि उतरून भाजी घ्यायला गेली.

तेव्हापासून अंगणात उभ्या गाडीत लावलं तरी प्रत्येक वेळी तेच. कधी दूध उतू जाईल म्हणून उतरायची, कधी दारात कुणी आलंय म्हणून. आकाशनं गाणं तपासलं, तर खाकरण्यापासून शेवटच्या टाळ्यांपर्यंत जसंच्या तसं होतं. कान गेले म्हणावं, तर शेजारच्या घरातली कुजबूजसुद्धा मायला भिंतीपलीकडून ऐकू येते. राहता राहिली गाडी. आज संध्याकाळी फैजपूरला संघमित्राकडे, म्हणजे त्याच्या बहिणीकडे, वडिलांच्या आठवणीचा कार्यक्रम होता. वाटेत जळगावला चंदनचं गाड्यांत स्पीकर बसवायचं दुकान लागत होतं. आज मायनं गाणं शेवटपर्यंत ऐकलंच पाहिजे, एवढं आकाशनं मनाशी पक्कं केलं होतं. तिला गाणं नकोय की त्या माणसाची आठवणच नकोय, हा प्रश्न त्याला वर्षभर कुरतडत होता. विचारायची मात्र छाती नव्हती.

माय गाडीतून उतरलीच नाही. गुडघे धरलेत म्हणाली आणि मागच्या सीटवर बसून राहिली.

"गाणाऱ्याचा आवाज वर आला पाहिजे," आकाशनं चंदनला बजावलं. "ढोलकी दाबली गेली तरी चालेल."

माय खिडकीबाहेर बघत होती.

चंदननं चारही दारांत नवे स्पीकर बसवले, पत्रा थरथरू नये म्हणून आतून जाड शीट चिकटवली आणि गाणं लावलं. बाबा खाकरले. अगदी शेजारी बसून खाकरावं तसे. पहिली ओळ आली. आकाशनं आरशातून मागे पाहिलं.

"आवाज चांगला शे त्यास्ना," माय म्हणाली. "पन अर्धंच."

आता मात्र आकाश वैतागला. तलाठ्याची नोकरी करताना लोकांचे नाना हट्ट त्यानं पाहिले होते, पण घरचा हट्ट त्याला कधी सोडवता आला नाही. चंदननं गाणं पुन्हा लावलं आणि दाराशी वाकून ऐकलं. दुकान टाकण्याआधी आठ वर्षं तो लग्नाच्या बँडमध्ये वाजवत होता. माय खोटं बोलत नाहीये, तो म्हणाला. या गाण्यात खाली अजून काहीतरी आहे, दारातल्या स्पीकरांना ते पेलत नाहीये, खर्जाचा आवाज काढणारा सबवूफर लागेल. आकाश ऐकेना. ती गाडी हादरवायची थेरं पोरासोरांना शोभतात, आपल्याला नाही, असं त्याचं म्हणणं. नाही पटला तर जागच्या जागी काढून घेतो, असं चंदननं सांगितलं, तेव्हा कुठे तो तयार झाला.

तासाभरात बॅटरीपासून मॅटखालून वायर आली, पुढच्या सीटखाली चपटा डबा बसला. गाणं सुरू झालं.

आणि बाबांच्या आवाजाखालून ढोलकी वर आली. आजवर ती नुसती टकटक करायची, डब्यावर बोटं आपटल्यासारखी. आता तिची डावी बाजू बोलायला लागली. घुमायची, घसरत जायची, पुन्हा सावरून समेवर यायची. प्रत्येक ओळीच्या शेवटी बाबांचा श्वास तुटत होता. त्यांना दमा होता, पण गाण्यात तो कधी कळला नव्हता. आता आकाशला कळलं. श्वास तुटला की ढोलकी पुढे व्हायची, ती जागा भरून काढायची आणि बाबांना दम मिळाला की हळूच मागे सरायची.

चंदन हातातला स्क्रू-ड्रायव्हर विसरला. "डावा हात बघा कसा बोलतोय," तो म्हणाला. "कोण वाजवतंय?"

असतील पार्टीतले कुणीतरी, आकाशनं सांगितलं. गावातले पाच-सहा जण असायचे बहुतेक. बाबांनी कधी नावं सांगितली नाहीत आणि आपणही कधी विचारलं नाही.

गाणं संपलं. टाळ्या वाजल्या, त्याही संपल्या. माय उठली नव्हती. आकाशनं मागे वळून पाहिलं. तिच्या डाव्या हाताचा तळवा सीटच्या रेक्झिनवर टेकलेला होता, मनगट अजून दाबलेलं, उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर ताल धरलेली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिला हात मोकळा नव्हता.

"आते अर्धं नही, बठ्ठं वाजनं," ती म्हणाली. मग आकाशकडे न बघता चंदनला म्हणाली, "पाच-सहा जन नही व्हतात, भाऊ. ती पार्टी म्हंजे मीच."