दहा ओळी शुद्धलेखन

‘सरकारला जाब विचारण्याचा हक्क’ हा धडा पुस्तकांतून फाडा आणि पानं पंधरा दिवसांत जमा करा, असा वरून हुकूम आला. "बाई, उगाच वाकड्यात शिरू नका. निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत," मुख्याध्यापकांनी नागरिकशास्त्राच्या बाईंपुढे हात जोडले. पंधराव्या दिवशी बाईंनी पट्टी लावून बेचाळीस पुस्तकांतली पानं फाडली आणि सुतळीनं गठ्ठा बांधून ठेवला.

तपासणीला आलेल्या साहेबांनी गठ्ठा ताब्यात घेतला. "मग त्या तासाला आता काय घेता?"

"शुद्धलेखन, साहेब. हुकूम आला त्याच दिवशी सुरू केलं. रोज दहा ओळी."

"हे बरं केलंत! नाहीतर पोरांच्या डोक्यात नसतं खूळ शिरतं."

साहेबांनी वह्या मागवल्या. समास सोडलेला, अक्षर मोत्यासारखं, खाडाखोड नावाला नाही. साहेब भलतेच खूश झाले. वाचत बसायला सवड कुणाला होती? भराभर पानं उलटत त्यांनी प्रत्येक वहीत लाल शाईनं ‘उत्तम’ लिहिलं, खाली सही ठोकली आणि वर शिक्काही मारला.

गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत बाई खिडकीत उभ्या होत्या. मग वर्गाकडे वळल्या.

"चला, वह्या उघडा. अख्खा धडा उतरवून झालाय, आता तर खाली साहेबांची सहीसुद्धा आहे. वाचा खणखणीत आवाजात, पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं पाहिजे!"