बोराच्या आठळीतलं बी

"पायरी आहे," सारंग म्हणाला. आईनं त्याचा दंड घट्ट धरून पाऊल उचललं.

डोक्यावरच्या पुलावरून तोझाई लाईनची गाडी धडधडत गेली. सारंग दचकला. बऱ्याच दिवसांनी तो इतक्या जवळून गाडी ऐकत होता.

आई देवरुखहून टोकियोजवळच्या ग्योतोकुला येऊन आठवडा झाला होता. विमानतळावर ती व्हीलचेअरवरून आली आणि पहिलंच वाक्य बोलली, "अरे, तुझं तोंडसुद्धा धुक्यातून दिसतंय मला." ऑपरेशनचं नाव काढलं की ती कोपरापासून हात जोडायची. व्हिसा तीन महिन्यांचा. तेवढ्यात नजर सुधारली नाही, तर तिकडे एकटीनं राहणार कशी? सारंगच्या जिवाला हाच घोर लागला होता.

वडील जाऊन चौदा महिने झाले होते. विमान मिळून तो घरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. परत आल्यापासून ऑफिसचं काम तो घरूनच करायचा, कॅमेरा बंद ठेवून. जेवण दारात यायचं. पडदे उघडायचे राहून गेले ते गेलेच. तेवढीच सोय, असं तो म्हणायचा.

औषधाचं दुकान शेजारच्या अक्षयानं शोधलं होतं. पहिल्या दिवशी तीच आईला घेऊन गेली, कार्ड भरून आली आणि म्हणाली, "काढा तिथेच ताजा प्यायचा, रोज. काकूंना न्यायचं काम तुझं हं. मला पार्टटाइम आहे."

दुकान कसलं, सगळी भिंत लाकडी खणांची. दुकानातले वैद्य नागामिने-सान ऐंशीच्या पुढचे. खण न बघता उघडायचे आणि हवं तेच बाहेर काढायचे. त्यांनी चपट्या, तांबूस, चकचकीत बिया खलात घातल्या आणि ठेचून उकळायला ठेवल्या. आईनं एक बी चिमटीत धरून दाताखाली चावलं.

"अगबाई, बोराच्या आठळीतला गर हा. लहानपणी दगडानं फोडून खायचो की आम्ही. आणि हे औषध होय?"

सारंगनं ते जपानीत सांगितलं. म्हातारा हसला. "रानबोर. चीनच्या जुन्या वैद्यांपासून चालत आलंय. हे बी घाई करत नाही. आधी आतलं निवतं, मग बाहेरचं दिसायला लागतं."

मग त्यांनी सारंगची नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि नंतर आईची. घरातल्या माणसांची नाडी पाहिल्याशिवाय यांना आजार कळत नाही, असं अक्षयानं आधीच सांगून ठेवलं होतं. काढा दोन कपांत आला. आईनं घोटभर घेतला आणि कप पुढे सरकवला. "एकटीनं काय प्यायचं? तू घे. आणि माझाही संपव, टाकू नये." आता आजारी माणसाशी वाद कोण घालणार?

रस्त्यात मात्र ती त्याला गप्प बसू द्यायची नाही. "समोर काय आहे? सांग ना. आंधळ्याला फिरवतोस आणि मुका होतोस?" मग तो बघून बघून सांगायचा. गॅलरीत वाळत टाकलेल्या गाद्या. पानं झडलेल्या झाडावर राहिलेली चार केशरी पर्सिमन फळं. पिवळ्या टोप्या घातलेली शाळेतली पोरं.

"तुझ्या शर्टाचं दुसरं बटण तुटलंय," ती एकदा म्हणाली आणि घरी येऊन तिनं ते लावूनही दिलं. जन्मभराची सवय, बोटांना डोळे लागत नाहीत, सारंगला वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात आई म्हणाली, "सिग्नल हिरवा झाला वाटतं." झालाच होता. सारंग तिच्याकडे बघतच राहिला. पाचव्या आठवड्यात तिला तारेवरचा कावळा दिसला. त्या आठवड्यात सारंग दोनदा गजर न ऐकता झोपून राहिला आणि दोन्ही दिवशी तिनं त्याला उठवलं नाही. "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन," ती चहा देताना म्हणाली.

फेब्रुवारीतल्या एका स्वच्छ सकाळी तिनं एदो नदीच्या बांधावर जायचा हट्ट धरला. वर चढल्यावर ती थांबली.

"सारंग, तो पांढरा डोंगर कसला रे?"

नदीपलीकडे, इमारतींच्या मागे, फुजी उभा होता. अख्खा. सहा वर्षं इथे राहून सारंगनं तो इथून कधी पाहिला नव्हता. बोराच्या आठळीतल्या त्या इवल्याशा बीनं त्याच्या आईला शंभर किलोमीटरवरचा डोंगर दाखवला होता. आईचा हात धरून तो तिथेच रडला, वडील गेल्यापासून पहिल्यांदा. आईनं त्याला रडू दिलं.

व्हिसा संपला तेव्हा ती विमानतळावर स्वतःच्या पायांनी चालत गेली, पाट्या बघत.

पुढच्या शनिवारी सारंग दुकानात गेला. ऑफिसातला श्याम पुण्याला निघाला होता, त्याच्याबरोबर आईसाठी बिया पाठवायच्या होत्या.

"सहा महिन्यांच्या द्या," तो म्हणाला. "नजर पुन्हा अधू व्हायला नको."

नागामिने-सान त्याच्याकडे बघत राहिले. "आई पोचल्या का घरी?"

"हो, सुखरूप."

"मग आता दाखवायला हरकत नाही," ते म्हणाले आणि एका खणातून कार्ड काढून त्यांनी काउंटरवर ठेवलं.

अक्षर अक्षयाचं होतं. रुग्णाचं नाव: सारंग. तक्रार: वडील गेल्यापासून झोप नाही, घराबाहेर पडत नाही. आणि खाली, लाल शाईत: रुग्णासमोर आईच्या डोळ्यांविषयीच बोलावं, त्यांना सगळं स्वच्छ दिसतं.