बाबांचा पंप

"दमाच... आहे... दमाच," बाबा स्ट्रेचरवरूनच सांगत होते. एका श्वासाला एकच शब्द. ते ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. ओठ निळसर झाले होते आणि छातीतून शिट्टी वाजत होती.

"बोलू नका हो बाबा!" लेक धावत आली. इमर्जन्सी वॉर्डाची ती प्रमुख. तिने दुसऱ्या कुणाला हातच लावू दिला नाही. स्ट्रेचरबरोबर आलेला धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, जरा ऐकून तरी घे..."

"तू आधी बाहेर हो. मध्ये मध्ये करू नकोस."

दमा तिनेच तर शोधला होता. दोन वर्षांपूर्वी, घरी, जेवणं झाल्यावर बाबांच्या छातीला सहज स्टेथोस्कोप लावून. तेव्हापासून बाबा भेटेल त्याला ऐकवायचे, 'लेकीनं बसल्या जागी ओळखलं!' सध्या तिच्या घराला रंग देणं चाललं होतं, म्हणून हा आठवडा ती माहेरी मुक्कामाला होती. बाबा रोज सकाळी मुद्दाम तिच्यासमोर यायचे, खाकरायचे आणि ऐटीत दम्याचा पंप ओढायचे. झोपायचे मात्र आरामखुर्चीत, बसूनच. "पलंग काय शोभेला ठेवलाय?" म्हणून ती हसायची.

तिने त्यांच्या खिशातला पंप काढला. हलवला, तोंडाला लावून दाबला. नुसतंच फुस्स.

"रिकामा पंप घेऊन फिरता? धन्य आहे तुमची, बाबा!"

पंप उशाशी टाकून तिने औषधी वाफेचा मास्क लावला. शिट्टी काही कमी होईना. बाबा मास्क ओढून काढायला बघू लागले. कपाळावर घाम डबडबला.

या वॉर्डात तिनेच घालून दिलेला एक नियम होता. दम लागलेला पेशंट काहीही सांगो, आधी सोनोग्राफीचा प्रोब छातीवर, मग आपलं मत. 'पेशंटच्या जुन्या दम्यावर विसंबलात तर फसलात,' असं ती शिकाऊ डॉक्टरांना दरडावून सांगायची. आज प्रोब हाताशी असून तिला आठवला नव्हता. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

आरामखुर्चीत बसून झोपणारे बाबा तिला आठवले. तिने त्यांची पँट वर सरकवली आणि नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरून येईना. पायांवर सूज होती. प्रोब छातीवर टेकवला तर मशीनच्या पडद्यावर वरून खाली पांढऱ्या रेघाच रेघा. फुफ्फुसांत पाणी. प्रोब हृदयावर नेला. ते जेमतेम हलत होतं.

दमा नव्हताच. हृदय थकलं होतं आणि त्याला उपसता न आलेलं पाणी छातीत साचलं होतं. मग तिचे हात भराभर चालले. लघवी होण्याचं इंजेक्शन, दाबाने हवा देणारा मास्क, हृदयावरचा भार उतरवणारं सलाईन. हळूहळू शिट्टी मंदावली, पिशवीत लघवी उतरू लागली. बाबांचे डोळे मिटले आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली.

तेवढ्यात पडद्याबाहेर ओळखीचा आवाज आला. वरच्या मजल्यावरचे हार्टचे डॉक्टर. तिचा जुना वर्गमित्र, रोज तिच्याबरोबर डबा खाणारा. त्याला तर तिने अजून बोलावलंही नव्हतं.

"काकांनी लघवीची गोळी चुकवली का रे?"

"आठवडाभर घेतलीच नाही," भाऊ म्हणाला. "ताई घरी आहे ना. गोळी घेतली की सारखं उठावं लागतं. तिला लगेच कळलं असतं."

तिने फर्रकन पडदा सारला. दोघांचे चेहरे खर्रकन उतरले.

"कधीपासून चाललंय हे?"

भाऊ खाली बघत म्हणाला, "दोन वर्षं झाली. तू दमा सांगितलास ना, त्याच्यानंतर महिन्याभरात यांनी हृदयाचं सांगितलं."

"आईला माहीत आहे?"

"आहे."

म्हणजे ती बेल वाजवायची तेव्हा घरात जी धांदल उडायची, ती तिच्या स्वागताची नव्हती. गोळ्या लपवायची होती! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आणि तू?" ती मित्राकडे वळली. "दोन वर्षं माझ्यासमोर बसून जेवतोस!"

"पेशंटनं सांगू नका म्हटलं, तर तू तरी सांगितलं असतंस का?"

"पेशंट? माझे बाबा आहेत ते! केसानं गळा कापलात रे माझा सगळ्यांनी मिळून." तिचा आवाज चिरला. आख्ख्या घरात एकटी तीच परकी ठरली होती, आणि तीच डॉक्टर होती. "मी काय वैरीण होते तुमची? का नाही सांगितलंत?"

"त्यांनी शपथ घातली होती, ताई," भाऊ पुटपुटला. "का, ते त्यांनाच विचार."

विचारणारच होती ती. चांगलं खडसावून विचारणार होती. रागारागाने ती आत आली.

बाबांना नुकतीच जाग आली होती. ओठांवर रंग परतला होता. बाहेरचं काही त्यांच्या कानावर गेलेलं दिसत नव्हतं. तिला बघताच त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी मास्क बाजूला सरकवला, उशाशी चाचपून तो रिकामा पंप शोधला, तोंडाला लावला आणि डोळे मिटून एक लांब श्वास ओढला.

"बघ, डॉक्टरीणबाई," ते म्हणाले, "तुझ्याच पंपानं उतारा पडला. माझ्या लेकीचं निदान चुकतं का कधी!"