पितळी खूण

बोरीच्या माळावर खाकी कपडे दिसले तशी दगडाबाईनं सुनेला हाळी दिली, "सुगंधा, कोकरू लपव!" मागं एकदा अशाच खाकीनं कळपातलं कोकरू उचलून नेलं होतं, अन् नेलं कुणी ते म्हातारीला सांगता आलं नव्हतं. सगळे सारखेच दिसायचे.

शिपाई जवळ आला. त्यानं प्यायला पाणी मागितलं.

"छातीवर काय चमकायलंय रे बाबा?"

"माझ्या नंबराचा बिल्ला हाय, माय. आता ह्यो लावल्याबिगर ड्युटीवर येता येत न्हाई. आमी वंगाळ वागलो, तर ह्योच नंबर साहेबाला सांगायचा."

दगडाबाईनं बिल्ला चाचपून बघितला. "आमीबी मेंढराच्या कानाला खूण करतो. वाट चुकलं तर कुणाचं ते कळतं. तू कुणाचा?"

"सरकारचा."

"अन् सरकार कुणाचं?"

शिपाई हसला. "तुमचंच की! यंदा मत टाकलं न्हाई का?"

म्हातारीनं पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला. मग मागं वळून केवढ्यांदा तरी ओरडली, "सुगंधा, सोड गं कोकरू! ह्यो आपल्याच कळपातला हाय!"